कूलरच्या घरघरीत अँबियंट संगीत

प्रश्न : रात्री कूलर चालू असताना मोबाइलवर अँबियंट संगीत (मागे मंद वाजत राहणारं, संथ, वातावरण निर्माण करणारं संगीत) लावलं, तर नुसती कुजबुज ऐकू येते. आवाज वाढवला की डोकं दुखतं. काय करावं? – एक वाचक, परभणी

उत्तर : या संगीताचा जीव लांबलेल्या खालच्या स्वरांत असतो. कूलरची घरघर नेमके तेच स्वर झाकते, आणि मोबाइलच्या इवल्या स्पीकरमधून ते धड निघतही नाहीत. आवाज वाढवला की वरचे, टोचणारे स्वरच वाढतात. दोन छोटे स्पीकर ४-५ फूट अंतरावर ठेवा. उशी दोन्हींपासून तेवढीच लांब. अर्धा तास आधी खोली गार करून घ्या, मग कूलर बंद. गाणी डाउनलोड करून ठेवा, मध्येच जाहिरात ओरडली तर सगळी तंद्री जाते. आवाज हळूच असू द्या. ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी १९७८ मध्येच म्हटलं होतं, हे संगीत लक्ष न देताही ऐकता यायला हवं.