राजा आर्थर आणि त्याचा दरबार यांत खरा इतिहास किती?

ब्रिटनच्या दंतकथांतला राजा आर्थर खरंच होऊन गेला का आणि त्याच्या सरदारांचं गोलमेज, कॅमेलॉट ही त्याची राजधानी वगैरे कुठून आलं, असं तुम्ही विचारलं आहे. आर्थर होता असं सिद्ध करणारा त्याच्या काळातला एकही लेख नाही. दरबाराचं मात्र नेमकं सांगता येतं. बखरींना लावतो तीच कसोटी इथे लावायची: प्रसंगाचं साल मागाहून बघायचं, आधी मजकूर कधी लिहिला ते बघायचं.

रोमन सत्ता इ.स. ४१० च्या सुमारास ब्रिटनमधून उठली आणि समुद्रापलीकडून आलेल्या सॅक्सन टोळ्यांशी स्थानिक ब्रिटनांचे झगडे सुरू झाले. आर्थर याच धामधुमीतला मानतात. पण सहाव्या शतकातला भिक्षू गिल्डास सॅक्सनांशी झालेल्या बॅडनच्या लढाईबद्दल लिहितो, अँब्रोसियस ऑरेलियानस या सेनानीचं नावही घेतो, आर्थरचं घेत नाही. बीड या इंग्रज भिक्षूने ७३१ साली लिहिलेल्या इतिहासातही तो नाही.

तो नीट भेटतो ८३० च्या सुमाराच्या 'हिस्टोरिया ब्रिटोनम' या ब्रिटनांच्या लॅटिन इतिहासात, आणि तिथे तो राजा नाही, राजांच्या बरोबरीने लढणारा सेनापती आहे. बारा लढाया जिंकतो, बॅडनला एका हल्ल्यात एकटा ९६० माणसं लोळवतो. म्हणजे गिल्डासनंतरच्या तीनशे वर्षांत दंतकथा चांगलीच मुरली होती.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती वेल्श वार्षिकांतली (वेल्समधल्या सालवार नोंदींतली) ५१६ सालची नोंद. आर्थरने बॅडनला तीन दिवस, तीन रात्री ख्रिस्ताचा क्रूस खांद्यावर वाहिला, असं ती म्हणते. खांद्यावर क्रूस घेऊन माणूस लढेल कसा? जुन्या वेल्शमध्ये ढालीला 'स्कुइट' आणि खांद्याला 'स्कुइद' म्हणत. ढालीवर रंगवलेला क्रूस लॅटिनमध्ये आणताना खांद्यावर गेला, असं अनेक अभ्यासक मानतात आणि मलाही ते पटतं. तसं असेल तर लॅटिन नोंदीमागे त्याहून जुना वेल्श मजकूर होता. ५३७ च्या नोंदीत आर्थर आणि मेद्राउत (पुढचा मॉर्ड्रेड) कॅमलानच्या लढाईत पडले, एवढंच आहे. ते एकमेकांविरुद्ध लढले असं तिथे म्हटलेलं नाही. इथे पुष्कळांची गफलत होते, कारण मॉर्ड्रेडच्या फितुरीची पुढची कथा आधीच डोक्यात असते.

दरबारातले सगळ्यात जुने सोबती केइ आणि बेदविर, दोघंही वेल्श कथांमधले. ११३८ च्या आसपास मॉनमथचा जेफ्री या लेखकाने आर्थरला थोर सम्राट केलं, उथर बाप दिला, मर्लिन हा जादूगार जोडला आणि दरबार वेल्समधल्या कारलिऑनला भरवला. गोलमेज ११५५ साली वेस या कवीच्या फ्रेंच काव्यात येतं. कॅमेलॉट हे नाव, राणीवर प्रेम करणारा सरदार लान्सलॉट आणि ग्रेल हे पवित्र पात्र त्यानंतर क्रेतिअँ द त्र्वा या फ्रेंच कवीच्या काव्यांतून आले. म्हणजे लोकांना माहीत असलेला दरबार बाराव्या शतकातल्या फ्रेंच सरदारी संस्कृतीचा आहे.

इंग्लंडमधल्या विंचेस्टर शहरात भिंतीवर टांगलेलं साडेपाच मीटर व्यासाचं ओक लाकडाचं गोलमेज तेराव्या शतकातलं आहे, त्यावरचा रंग सोळाव्या शतकातल्या आठव्या हेन्री राजाच्या काळचा. इंग्लंडमधल्याच ग्लास्टनबरी मठाच्या भिक्षूंना आर्थरची 'कबर' सापडली ११९१ मध्ये. त्यांचा मठ ११८४ च्या आगीत जळाला होता आणि बांधकामाला पैसा हवा होता.

जागाच बघायची असेल तर इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातली कॅडबरीची टेकडी बघा. १९६६ ते १९७० च्या उत्खननात दिसलं, की तिथल्या जुन्या किल्ल्याची तटबंदी इ.स. ५०० च्या सुमारास नव्याने बांधली होती. भूमध्य समुद्राकडून आलेल्या भांड्यांची खापरंही मिळाली. कोणी तरी बडा सरदार तिथे नांदत होता; त्याचं नाव मातीत सापडलेलं नाही.