रविवारी कोण आलं नाही?

कॅथलिक धर्मग्रामाच्या, म्हणजे एका परिसरातल्या चर्चच्या आणि तिथल्या लोकांच्या, ऑफिसात बसायला लागून बरीच वर्षं झाली. सकाळी दाखले आणि मिस्साचे हेतू, म्हणजे चर्चमधली ती मुख्य उपासना कोणासाठी अर्पण करायची ते, लिहून घेणं, दुपारनंतर आजाऱ्यांकडे जाणं, हा माझा आठवडा. त्यामुळे धर्मग्रामाबद्दलची तुमची पत्रं संपादकांनी माझ्याकडे दिली आहेत. जमेल तेवढ्यांना उत्तर देते.

ताई, नोकरीसाठी नव्या शहरात आले आहे. दर रविवारी मिस्साला जाते, मागच्या बाकावर बसते आणि संपली की घरी येते. कोणी ओळखीचं नाही. वर्षभरात बदली होईल, मग इथे नाव नोंदवण्यात अर्थ आहे का? आणि रविवार सोडून तिथे चालतं तरी काय?

नाव आजच नोंदवा. तुम्ही स्वतःला पाहुणी समजताय, चर्च तसं समजत नाही. चर्चच्या कायद्यानुसार निदान तीन महिने राहण्याच्या इराद्याने एखाद्या ठिकाणी आलात, की तिथला धर्मग्राम तुमचा आणि तिथले प्रमुख धर्मगुरू तुमचे धर्मगुरू. नाव नोंदवल्याने एवढंच होतं, की तुम्ही आहात हे त्यांना कळतं. आणखी एक गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. प्रमुख धर्मगुरूंनी दर रविवारी एक मिस्सा आपल्या धर्मग्रामातल्या सगळ्या लोकांसाठी अर्पण करायची, असं त्यांच्यावर बंधनच आहे. त्या मिस्साला कोणाच्या नावाचा हेतू घेता येत नाही. म्हणजे तुम्ही मागच्या बाकावर एकट्या बसलेल्या असता, तेव्हाही तुमच्यासाठी प्रार्थना होत असते.

ओळखी व्हायला रविवार मला सर्वांत अवघड दिवस वाटतो. गर्दी असते, पुढच्या मिस्साचे लोक दारात उभे असतात, मुलं धर्मशिक्षणाच्या वर्गाकडे पळत असतात. त्यापेक्षा एखाद्या मधल्या वारी सकाळच्या मिस्साला जा. ती अर्ध्या तासात आटोपते. रविवारी बायबलमधली दोन वाचनं आणि शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातला उतारा, असतं, इथे एकच वाचन आणि शुभवर्तमान. येणारी माणसं मोजकी आणि रोजचीच. दोन-तीनदा गेलात की कोणीतरी स्वतःहून नाव विचारेल.

बाकी आठवडा म्हणाल, तर संध्याकाळी ऑफिसच्या खोल्या रिकाम्या नसतात. कॉयरची तालीम, पवित्र साक्रामेंताची, म्हणजे मिस्सात पवित्र केलेल्या भाकरीची, आराधना, येत्या रविवारचं शुभवर्तमान आधी घरी एकत्र वाचणारे छोटे ख्रिस्ती समूह, लग्न ठरलेल्या जोडप्यांची तयारी, बाप्तिस्म्याआधी आईवडिलांची भेट, शनिवारी पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूंपुढे आपली पापं सांगून क्षमा मागणं. लीजन ऑफ मेरीची बैठक असते. १९२१ साली डब्लिनमध्ये सुरू झालेल्या या संघाचा शिरस्ता आजही तोच आहे: दर आठवड्याला एकत्र प्रार्थना करायची आणि दर आठवड्याला ठरवून दिलेलं एक काम करून यायचं. सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी त्याहून जुनी. फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने मित्रांसोबत ती १८३३ मध्ये पॅरिसला सुरू केली, तेव्हा तो जेमतेम वीस वर्षांचा होता. गरजू घरांत स्वतः जाऊन भेटायचं, आणि शक्यतो दोघांनी मिळून जायचं, ही त्यांची रीत.

हे सगळं वाचून पाच ठिकाणी नाव देऊ नका. एकच गट निवडा. गाता येत असेल तर कॉयर, नाहीतर माझं मत विचाराल तर घरोघरी जाणारा गट. निवडताना एवढंच पाहा: आपण एका आठवड्याला गेलो नाही, तर "काय गं, बरी आहेस ना?" म्हणून कोणाचा फोन येईल का? जिथे येईल, तिथे नाव द्या.

माझे वडील अंथरुणाला खिळून आहेत. वर्षानुवर्षं रविवार न चुकवलेला माणूस आता मिस्साच्या वेळी नुसता छताकडे बघत पडून असतो. कम्युनियन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, घरी मिळतं का? फादरांना सारखं बोलवायला संकोच वाटतो. औषधं वेळेवर द्यावी लागतात, मग उपवासाचं कसं?

संकोच सोडा आणि हे पत्र वाचून होताच ऑफिसला फोन करा. फोन न करणाऱ्या घरांची मला खरी काळजी वाटते, कारण आमच्या वहीत नाव नसेल तर आम्हाला कळणार कसं? चर्चच्या कायद्यात प्रमुख धर्मगुरूंच्या कामांत घरोघरी जाणं आणि आजाऱ्यांना आधार देणं स्पष्ट लिहिलेलं आहे. तुम्ही त्रास देत नाही, त्यांना त्यांचं काम करू देताय.

दरवेळी फादरच येतील असं नाही. १९७३ पासून प्रापंचिकांनाही, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या साध्या माणसांनाही, गरजेप्रमाणे नेमून हे काम देता येतं, आणि माझ्यासारख्या अनेक जणी ते करतात. मिस्सा संपताना आम्ही वेदीपाशी जातो. हातात पिक्स असतं, म्हणजे झाकणाची छोटी गोल डबी, आतून बहुधा सोन्याचा मुलामा दिलेली. फादर त्यात घरच्या यादीप्रमाणे होस्तिया, म्हणजे पवित्र भाकरीच्या पातळ चकत्या, ठेवतात. डबी गळ्यातल्या पिशवीत जाते आणि आम्ही तिथून निघतो ते थेट आजाऱ्याच्या घरी. वाटेत दुकानात शिरायचं नाही, कोणाशी गप्पा मारत थांबायचं नाही.

घरी तुम्ही करायचं ते थोडंच. पलंगाजवळ छोटं टेबल, त्यावर स्वच्छ पांढरं कापड, एक मेणबत्ती, क्रूस असेल तर क्रूस, प्यायला पाणी. टीव्ही बंद. घरातल्यांनी कृपा करून आतल्या खोलीत जाऊ नये, सोबत बसावं. आम्ही त्या दिवसाच्या शुभवर्तमानातला भाग वाचतो, सगळे मिळून 'हे आमच्या स्वर्गीय पित्या' म्हणतो, मग कम्युनियन देतो. वडिलांना गिळायला जड जात असेल तर आधी सांगा, अगदी लहान तुकडाही पुरतो. बोलणं गेलेली माणसंसुद्धा त्या प्रार्थनेत ओठ हलवतात, हे मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे.

उपवासाची चिंता नको. कम्युनियनआधी एक तास काही खायचं नाही हा नियम खरा, पण औषध आणि पाणी त्यात कधीच येत नाही. शिवाय वृद्ध आणि आजारी माणसांना हा नियम लागूच नाही, आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनाही नाही. म्हणजे तुम्हालाही नाही. रात्रभर जागून सकाळी दोन घास खाल्लेत म्हणून स्वतः कम्युनियन न घेणाऱ्या मुली-सुना मी पाहते, तेव्हा जीव तुटतो. घ्या, निःशंक घ्या.

एक गोष्ट मात्र माझ्यासारखीला करता येत नाही. पापनिवेदन ऐकणं आणि तैलाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावून प्रार्थना करणं, हे धर्मगुरूंचंच काम. आणि इथे कळकळीची विनंती आहे. तैलाभ्यंग म्हणजे शेवटच्या घटकेचा संस्कार, हा समज अजून जात नाही. "आत्ताच फादरांना आणलं तर बाबा घाबरतील" म्हणून लोक थांबतात आणि माणूस बेशुद्ध झाल्यावर धावत येतात. गंभीर आजार किंवा म्हातारपणाने जिवाला धोका दिसू लागला की तेव्हाच हा संस्कार घ्यायचा असतो. बरं वाटून पुन्हा आजार उलटला किंवा त्याच आजारात प्रकृती आणखी ढासळली, तर तो परतही घेता येतो. वडील शुद्धीवर आहेत, "आमेन" म्हणू शकतात, तोवर बोलवा.

कम्युनियन घरी नेणं ही आजकालची सवलत आहे असं कोणी म्हणालं तर त्यांना जस्टिनबद्दल सांगा. हा ख्रिस्ती विचारवंत दुसऱ्या शतकाच्या मध्याला रोममध्ये राहत होता. ख्रिस्ती लोक रविवारी जमून काय करतात, हे त्याने सम्राटाला उद्देशून लिहून ठेवलं आहे. आधी वाचनं, मग प्रमुखाचं प्रवचन, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारसावर उपकारस्तुती, सर्वांना वाटप. आणि लगेच पुढे: जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवक त्यांच्याकडे नेऊन देतात. म्हणजे तेव्हाही कोण आलं नाही याची दखल उपासनेतच घेतलेली होती.

शनिवारी संध्याकाळची मिस्सा केली तर रविवारची चालते का?

चालते. आदल्या संध्याकाळी कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये मिस्साला हजर राहिलात तरी रविवारी मिस्साला जाण्याचं कर्तव्य पार पडतं.

लग्न ठरलंय. माझ्याकडे लहानपणीचा बाप्तिस्म्याचा दाखला आहे, तरी ऑफिसवाले नवा आणायला सांगतात. मी वेगळ्या गावी राहतो. ही अडवणूक नाही का?

नाही हो, ही तुमच्याच लग्नाची काळजी आहे. आमच्या कपाटात बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या आहेत. प्रत्येक नोंदीला नाव, जन्मतारीख, आईवडील, धर्ममातापिता यांचे रकाने असतात, आणि शेजारी एक कोरी जागा. त्या माणसाचं दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार, झालं, की तिथे नोंद होते. लग्न जगात कुठल्याही चर्चमध्ये झालं, तरी तिथले फादर बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामाला कळवतात आणि ते याच ओळीशेजारी लिहिलं जातं. कोणी धर्मगुरू झाला, कोणी सिस्टर म्हणून अखेरचं व्रत घेतलं, तर तेही तिथेच. शाई बदलते, अक्षर बदलतं, पण माणूस बाप्तिस्म्याच्या त्या एका ओळीवरच राहतो.

लहानपणी दिलेल्या दाखल्यात त्यानंतरचं काहीच नसतं. म्हणून बहुतेक ठिकाणी सहा महिन्यांच्या आतला दाखला मागतात. त्यावरून तुम्ही विवाहाला मोकळे आहात, हे वधूला आणि तिच्या घरच्यांनाही कळतं. पत्र किंवा ईमेल पाठवताना पूर्ण नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावं आणि बाप्तिस्म्याचं अंदाजे वर्ष द्या. नुसतं "माझा दाखला हवा" असं आलं की वह्या चाळण्यात दिवस जातो.

मिस्सामध्ये जमणारी दानाची रक्कम कुठे जाते? विचारलं तर अविश्वास दाखवल्यासारखं होईल का?

विचारा. दान देणाऱ्याला हिशेब कळावा ही चर्चच्या कायद्याचीच अपेक्षा आहे. प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असणं सक्तीचं आहे. पाळकीय मंडळ, म्हणजे धर्मगुरूंना कामात मदत करणारं लोकांचं मंडळ, बिशपांना योग्य वाटेल तिथे नेमतात आणि ते सल्ला देणारं असतं, पण आर्थिक समितीशिवाय धर्मग्राम चालवता येत नाही. आणि तुम्ही एखाद्या ठरावीक कामासाठी पैसे दिलेत, गरिबांच्या निधीला म्हणा, तर ते त्याच कामाला लावावे लागतात. छप्पर गळतंय म्हणून तिकडे वळवता येत नाहीत.

रक्कम मोजायला एकटं माणूस कधी बसू नये, निदान दोघं असावीत, दोघांनी आकड्याखाली सही करावी आणि दर आठवड्याला जोडी बदलावी. तुमच्याकडे तसं होत नसेल तर फादरांना प्रेमाने सुचवा. मोजणाऱ्यांचीच त्यात अब्रू राखली जाते.

वर जस्टिनचं सांगितलं, त्याच उताऱ्यात दानाचंही आहे. जमलेलं प्रमुखाकडे ठेवतात आणि त्यातून तो अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावाहून आलेले यांची सोय पाहतो, असं तो लिहितो. वीज, दुरुस्ती, कर्मचाऱ्यांचे पगार हा खर्च आज टळणार नाही. पण वार्षिक हिशेब हातात पडेल तेव्हा या लोकांसाठी किती गेलं, तो आकडा आधी शोधा आणि कमी वाटला तर सभेत उभे राहून बोला.

माझे पती ख्रिस्ती नाहीत, पण आवाज फार गोड आहे. कॉयरमध्ये गाऊ शकतील का?

फादरांना आणि कॉयरच्या प्रमुखांना भेटवा. माझ्या मते अडचण यायला नको. त्यांना कम्युनियन घेता येणार नाही, हे त्यांना आधीच घरी नीट समजावून सांगा, म्हणजे आयत्या वेळी रांगेत अवघडल्यासारखं होणार नाही. तेवढा वेळ जागेवर बसून राहिलं तरी कोणी वावगं समजत नाही. आजाऱ्यांना भेटणं, गरजूंना मदत पोचवणं या कामांत तर त्यांच्यासारखी माणसं आम्हाला हवीच आहेत.

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. मिस्साचा कंटाळा करते. तिला वाचन द्यावं असं फादर म्हणतात. मुलींना चालतं का आणि तयारी कशी करून घेऊ?

फादर अगदी योग्य बोलले. मुली आणि स्त्रिया मिस्सामध्ये वाचन करतातच, आणि जानेवारी २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचकपदाची कायमची नेमणूकही स्त्रियांना खुली केली.

तयारी रविवारी सकाळी नको, सोमवारी सुरू करा. रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं, तेव्हा आपलं वाचन कुठलं हे आधीच कळतं. त्या उताऱ्याच्या आधी आणि नंतर बायबलमध्ये काय आहे ते दोघी मिळून वाचा. संदेष्टा कोणाला बोलतोय, रागाने की मायेने, हे तिला कळलं की आवाज आपोआप बदलतो. विशेषनामांचे उच्चार फादरांकडून घ्या. वाचनग्रंथात लाल शाईत छापलेलं मोठ्याने वाचायचं नसतं, हे नक्की सांगा. शेवटच्या वाक्यानंतर एक श्वास थांबायचं आणि मगच "हा प्रभूचा शब्द आहे" म्हणायचं. शनिवारी रिकाम्या चर्चमध्ये एकदा माईकवर वाचून घ्या, तुम्ही तुमच्या नेहमीच्या मागच्या बाकावर बसा आणि प्रत्येक शब्द ऐकू येतो का ते तिला हात वर करून सांगा.