धाकट्या भावाच्या खिशात एमडीची पुडी सापडली, 'एकदाच घेतली' म्हणतो. काळजीचं आहे का?

हो, ताई, आहे. एमडी म्हणजे मेफेड्रोन, मुंबईतलं 'म्याव म्याव'. रसायनांपासून बनवलेली पूड. त्यात आणखी काय मिसळलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. नशा लवकर उतरते, लगेच पुन्हा घ्यावीशी वाटते, माणूस तिथेच अडकतो. छाती धडधडते, झोप उडते, संशय वाढतो. आमच्या चाळीतला एक मुलगा दाराच्या फटीत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचा, बाहेरून कुणीतरी बघतंय म्हणून.

२०१५ पासून मेफेड्रोन एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याखाली आहे. ५० ग्रॅमच्या वर सापडलं तर १० ते २० वर्षं सक्तमजुरी. 'मित्राचं पाकीट नुसतं पोचवलं' म्हणणारी पोरंही यात सापडतात, हे त्याला आजच सांगा. मारझोड नको. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ वर मोफत बोलता येतं.