चोर्ला घाटात पावसाळ्यासाठी एटी टायर घालावेत की साधे एचटी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर बेळगावजवळ हिंडलग्याला, नवी नोकरी पणजीला, दर शनिवारी-सोमवारी चोर्ला घाट. गाडी छोटी एसयूव्ही आणि टायर संपत आलेत. दुकानदार एटी, म्हणजे कच्च्या-पक्क्या सगळ्या वाटांचे ऑल-टेरेन टायर, घ्या म्हणतोय, कारण त्यावर एम+एस लिहिलंय आणि ‘बर्फात चालतंय ते पाण्यात चालणारच की.’ मित्र म्हणतोय, आहेत तसलेच एचटी, म्हणजे पक्क्या रस्त्याचे हायवे-टेरेन, घाल. शेवटी तुम्ही एक ओळ लिहिलीय, ‘सध्या दोनच टायरचं बजेट आहे, पुढचे दोन बदलून घेतो.’ त्या ओळीमुळं मी लिहायला बसलोय.

दोनच घ्यायचे असले तर घ्या, पण नवे मागं घाला. आता मागं आहेत ते पुढं आणा. दुकानदार हसेल, हसू दे.

आधी टायरच्या जातीचं सांगून टाकतो. तुम्हाला डांबरावरच जायचं आहे ना, मग एचटी. एटीची बटणं, म्हणजे नक्षीतले रबराचे ठोकळे, मोठी, मधल्या खाचा रुंद. शेतातल्या चिखलात ते उपयोगी पडतंय, पण ओल्या डांबरावर रबर कमी टेकतं आणि ब्रेक मारल्यावर गाडी सहसा जास्त लांब जाऊन थांबते. एम+एस म्हणजे चिखल आणि बर्फ. ते अक्षर कंपनी नक्षी बघून स्वतःच छापते. बर्फावर खरोखर चाचणी झालेल्या टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचं चित्र असतंय. माझा भाचा जर्मनीत असतो, तिथं ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर घालायची रीतच आहे. त्या टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खालीसुद्धा मऊ राहावं म्हणून वेगळं बनवलेलं असतंय. आपल्याकडं कडाक्याची थंडी म्हणजे पहाटेचे बारा-तेरा अंश. बर्फाचं गणित घाटाच्या वाटेवरल्या जांबोटीच्या पावसाला लावणारा दुकानदार तुम्हाला महाग टायर खपवतोय, एवढंच.

आता माझं ऐका. जुलै २०१९. माझ्या गाडीचे पुढचे दोन टायर पार गोटा झाले होते. दाजी सोबत होते. मी दुकानात विचारलं, नवे मागं घालायचे असं कुठंतरी वाचलंय, तसं करूया काय? दाजी म्हणाले, ‘अरे, स्टेअरिंग पुढं, इंजिन पुढं, ब्रेकचा जोर पुढं. नवा माल पुढंच घालायचा.’ दुकानदारानं मान हलवली. दाजी वयानं मोठे, त्यांनी ट्रक चालवलेले. मी गप्प बसलो. मागचे दोन निम्मे झिजलेले आणि सहा वर्षांचे, ते तसेच राहिले.

पुढच्या शुक्रवारी अक्काला घेऊन म्हापशाला निघालो. भाचीचं डोहाळजेवण होतं. बेळगावात नुसती भुरभुर. किणये, कुसमळी ओलांडलं आणि पावसानं धरलं. कणकुंबीला वायपर जोरात लावूनसुद्धा पुढचं दिसेना. चोर्ला गाव मागं पडलं, उतार लागला. वेग चाळीस. काटा मी बघितलेला आहे, आजही शपथेवर सांगेन. डावीकडं एक वळण आहे, तिथं डोंगरातला ओहोळ तांबडी माती घेऊन रस्त्यावरूनच वाहत होता. पाणी दिसलं म्हणून मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. ब्रेकला पाय लावलासुद्धा नव्हता. पुढची चाकं पाण्यातून सरळ निघाली, स्टेअरिंग हातात घट्ट होतं, आणि मागून गाडी उजवीकडं सरकायला लागली. आवाज नाही, धक्का नाही. समोरच्या काचेत रस्ता होता तिथं झाडी आली, मग आम्ही आलो तोच रस्ता आला. गाडी गिरकी घेऊन बेळगावकडं तोंड करून थांबली, मागचं चाक पलीकडं डोंगराच्या गटारात. ओटीचे नारळ मागच्या सीटवरून घरंगळत माझ्या पायाशी आले. समोरून त्या वेळी काही येत नव्हतं म्हणून आम्ही आहोत. अक्काचं उजवं मनगट दारावर आपटून मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

तेव्हापासून घरात एकच वाक्य आहे: ‘हा गाडी पळवतोय.’ दाजी प्रत्येक सणाला, चार माणसांत, तेच बोलतात.

झालं काय होतं ते समजून घ्या. टायरच्या खाचा पाणी बाजूला सारतात. खाच उथळ झाली की पाणी सरत नाही, टायर पाण्यावर तरंगतो. पुढचे तरंगले तर गाडी वळायच्या ऐवजी सरळ जाते. माणूस आपोआप पाय काढतो, वेग कमी होतो, पकड परत येते. मागचे तरंगले तर गाडी फिरते, आणि तिथं पाय काढला की वजन पुढं जाऊन मागचं आणखी हलकं होतं. म्हणजे घाबरून जे कुणीही करेल त्यानंच गिरकी पक्की होते. उलटं स्टेअरिंग मारून सावरायला जेमतेम क्षणभर मिळतो. म्हणून टायर कंपन्या सांगतात की गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असली तरी जास्त खोल नक्षी मागंच हवी. मग पुढचे लवकर झिजतात म्हणून रडायचं नाही, आठ-दहा हजार किलोमीटरला अदलाबदल करायची, म्हणजे चारही सारखे झिजतात.

खाचांच्या तळाशी आडवे उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, कायद्यानं टायर संपला. घाटासाठी ३ ला आले की बदला. रबराचं वयही बघा: टायरच्या बाजूवर डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी छान दिसली तरी जुनं रबर कडक होतं आणि ओल्यात घसरतं. हवा कमी करून पकड वाढवायला जाऊ नका, कमी हवेचा टायर लवकर तरंगतो. दारावरच्या स्टिकरप्रमाणं भरा. रुबाबासाठी जास्त रुंद टायर घ्यायचा विचार असेल तर तोही सोडा.

हे सगळं तुमच्यासारख्या कारला. माल भरलेल्या पिकअपचं गणित वेगळं, त्यात मी पडत नाही. मी टायरवाला नाही, बावीस वर्षं गाडी चालवतोय. तुमचं शेत जांबोटीकडं असेल आणि पावसात बांधापर्यंत गाडी न्यावी लागत असेल तर एटी घ्या, फक्त डांबरावर पुढच्या गाडीपासून अंतर वाढवा. आणि पुढचे-मागचे दोन्ही संपले असतील तर महिनाभर गोव्याच्या कदंबा बसनं जावा, पैसे जमवा, चार एकदम घाला.

दाजी, तुमच्यापर्यंत हे कुणीतरी पोचवेलच. मी चाळीसवर होतो. मागचा काढलेला टायर मी विकला नाही, परड्यात पेरूच्या झाडाखाली ठेवलाय. त्यावर आकडा आहे २३१३. एकदा येऊन बघून जावा.