परदेशी निघताय? आधी घरच्या वायफायवर तासभर बसा

प्रश्न : आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. जानेवारीत फ्रँकफर्टच्या हाइमटेक्सटिल प्रदर्शनाला आठ दिवस जातोय. रोमिंग पॅक महाग वाटला म्हणून ५ जीबीचं ई-सिम (कार्डाविना, थेट फोनमध्ये उतरवायचं सिम) घेतलंय. एवढ्यात भागेल का?
– एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : भागेल, पण फोन मोकाट सोडलात तर दोन दिवसांत संपेल. प्रदर्शन नेमकं गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या आसपास येतं. नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे, होम मैदानावरच्या दारूकामाचे व्हिडिओ घरच्या ग्रुपवर पडत राहणार आणि फोन ते गुपचूप उतरवून घेणार. म्हणून व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा'त जाऊन मोबाइल डेटा आणि रोमिंग, दोन्हींवरचं ऑटो-डाउनलोड बंद करा. गुगल फोटोजचा बॅकअप फक्त वायफायवर ठेवा. व्हिडिओ कॉल तासाला साधारण २०० ते ३०० एमबी खातो. आवाजाचा कॉल त्या मानाने किरकोळ.

ई-सिम सोलापुरातच टाकून घ्या, सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडण्याआधी. ते उतरवायलाच इंटरनेट लागतं. *#06# दाबल्यावर ईआयडी नावाचा लांबलचक आकडा दिसला, तर तुमच्या फोनला ई-सिम चालतं. बहुतेक क्यूआर कोड एकदाच वापरता येतात, तेव्हा 'नीट चाललं नाही' म्हणून ई-सिम डिलीट करू नका. मुदत कधीपासून मोजतात, तेही आधी वाचा.

तिथं उतरल्यावर बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते : सिग्नलच्या काड्या दिसतात, नेट नाही. प्रवासी ई-सिम बऱ्याचदा दुसऱ्याच देशातल्या कंपनीचं असतं, म्हणून त्या सिमवर डेटा रोमिंग चालू ठेवावं लागतं. भारतीय सिमवर मात्र ते बंदच ठेवा, आणि एका सिमचं नेट गेलं की दुसऱ्यावर उडी मारणारं 'डेटा स्विचिंग'ही बंद करा. बिल फुगतं ते इथंच.

भारतीय सिम काढून पाकिटात ठेवण्याची हुशारी नको. बँकेचं ॲप आणि यूपीआय त्या सिमला बांधलेलं असतं. सिम हललं की पुन्हा नोंदणी मागतं. कार्डाचा ओटीपीही त्याच नंबरवर येणार. त्यासाठी निघण्याआधी मोबाइल कंपनीकडून इंटरनॅशनल रोमिंग सुरू करून घ्या आणि बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर चालू करा. त्या नंबरवर आलेला फोन उचलला तरी पैसे पडतात, हे कारखान्यात सांगून ठेवा.

जीमेलला दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) असेल तर १० बॅकअप कोड मिळतात. ते कागदावर उतरवून पासपोर्टसोबत ठेवा. एक कोड एकदाच चालतो.

प्रश्न : आम्ही सहलीत पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली करणार आहोत. 'युरोप'चं सिम सगळीकडे चालतं ना? आणि नेट नसताना नकाशा दिसतो का?
– एक वाचक, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : स्वित्झर्लंड युरोपीय महासंघात नाही, त्यामुळे एका सदस्य देशाचं सिम दुसऱ्यात जादा पैशांविना चालवण्याचा महासंघाचा रोमिंगचा नियम त्याला लागू होत नाही. पाकिटावरची देशांची यादी वाचा. यादीत नाव नसेल तर सीमा ओलांडताच नेट जाईल.

नकाशा दिसतो. जीपीएस उपग्रहावर चालतं, त्याला इंटरनेट लागत नाही. गुगल मॅप्समध्ये आपल्या फोटोवर टिचकी मारून 'ऑफलाइन मॅप्स'मधून एकेक शहर उतरवा. पण ऑफलाइन रस्ता फक्त गाडीचा मिळतो. पायी किंवा मेट्रोचा नाही. त्यासाठी 'ऑरगॅनिक मॅप्स'सारखं ॲप घ्या, त्यात पायवाटाही ऑफलाइन सापडतात. हॉटेलच्या पत्त्यावर घरीच खूण करून ठेवा आणि व्हाउचरचा स्क्रीनशॉट काढा. मेलमधली पीडीएफ आधी उघडलेली नसेल तर ऐनवेळी उघडत नाही.

हॉटेलचं वायफाय जोडलं गेलं पण लॉगिनचं पान उघडत नाही, अशी तक्रार नेहमीची. व्हीपीएन (नेट दुसऱ्या सर्व्हरमधून फिरवणारी सोय) आणि 'प्रायव्हेट डीएनएस' (साइटचा पत्ता गुप्तपणे शोधणारा, सेटिंगमधला पर्याय) बंद करून पुन्हा जोडा, बहुतेक वेळा पान येतं.