लघवीत सापडत नाही ते फोनवर सापडतं

मागच्या अंकात अंगात औषध सापडलं म्हणून मेदिना स्पिरिट या घोड्याकडून केंटकी डर्बी ही अमेरिकेतली मोठी रेस काढून घेतल्याबद्दल चार ओळी आल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यातली काही घेतोय, बाकीच्यांचे प्रश्न साधारण हेच आहेत.

प्रश्न (कोथरूड, पुणे): सर, पावसाळी सीझनला मी रेसकोर्सला जातो, हौस म्हणून थोडेफार लावतो. तुम्ही लिहिलंत की २१ पिकोग्रॅम औषध सापडलं म्हणून २०२१ ची डर्बी गेली, आणि ते सुद्धा म्हणे त्वचेला लावायच्या मलमातून आलेलं. एवढ्याशासाठी एवढी मोठी रेस काढून घ्यायची, हा अन्याय नाही का?

उत्तर: एवढंसं म्हणजे किती ते आधी बघू. एका ग्रॅमचे लाख कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे पिकोग्रॅम, बजेटच्या भाषणात ऐकतो ना तोच लाख कोटी. मेदिना स्पिरिटच्या रक्तात मिलिलिटरमागे २१ पिकोग्रॅम बीटामेथासोन निघालं. घोड्याच्या अंगात ढोबळमानाने चाळीस-पन्नास लिटर रक्त धरा, गुणाकार केलात तर सगळ्या रक्तात मिळून एक मायक्रोग्रॅमच्या आसपास भरतं, चिमटीत धरता येणार नाही इतकं. तेवढ्यानं घोडा जास्त पळेल असं मलाही वाटत नाही.

पण औषधबंदीचा नियम घोडा जास्त पळू नये म्हणून नाहीच मुळी. बीटामेथासोन हे स्टेरॉइड आहे, सांध्यात इंजेक्शन दिलं की सूज आणि दुखणं दबतं, आणि दुखतंय म्हणून जो घोडा पाय जपून टाकला असता तो बिनधास्त टाकायला लागतो, पाचशे किलोचं धूड ताशी साठ किलोमीटरने, त्यात हाड आधीच चिरलेलं असेल तर भर रेसमध्ये मोडतं, जॉकी खाली आणि मागचे घोडे अंगावर. म्हणून केंटकीत रेसच्या दिवशी हे औषध रक्तात अजिबात चालत नाही.

आता मलमाचं. मेदिना स्पिरिटचा ट्रेनर बॉब बॅफर्ट, त्याच्या वकिलांनी लघवीचा नमुना न्यूयॉर्कच्या लॅबमध्ये पाठवला आणि तिथे मलमात असतो तो प्रकार निघाला, इंजेक्शनमधला नाही. म्हणजे मलमाची गोष्ट खरी असू शकते. पण नियम "कसं गेलं" असं विचारत नाही, गेलं का एवढंच विचारतो, घोड्याच्या अंगात जे सापडेल त्याला ट्रेनर जबाबदार, त्याला माहीत असो वा नसो. ऐकायला कडक वाटतं, पण हा नियम नसता तर काय काय ऐकायला मिळालं असतं बघा. २०२० मध्ये अर्कान्सासला बॅफर्टच्या दोन घोड्यांत लिडोकेन हे बधिर करणारं औषध सापडलं, तेव्हा असिस्टंटची पाठ दुखत होती, त्याने लावलेल्या पट्टीतून गेलं असं सांगितलं (तिथे अपिलात घोड्यांचे नंबर परत मिळाले, दंडावर भागलं). मेदिना स्पिरिटच्या वेळी त्याने मुलाखतीत कोणाचं तरी उदाहरण दिलं की घोडा सांभाळणारा सईस कफ सिरप प्यायला, गवतावर लघवी केली आणि घोड्याने ते गवत खाल्लं. हसू नका, असं होऊही शकतं. पण दरवेळी असंच कसं होतं हो?

आणि मला विचाराल तर बॅफर्ट मलमाने नाही, स्वतःच्या तोंडाने गेला. पहिल्या दिवशी पत्रकारांना सांगितलं की हे औषध आम्ही या घोड्याला कधी दिलंच नाही, दोन दिवसांनी म्हणाला मलमात होतं बहुतेक. त्याच्याच गॅमीन घोडीत आदल्या वर्षी केंटकी ओक्स या रेसला हेच बीटामेथासोन सापडलेलं, तेव्हा यापुढे काळजी घेऊ म्हणून निवेदन काढून झालेलं. शिक्षा काय तर ९० दिवस बंदी आणि ७,५०० डॉलर दंड, जिथे पहिल्या नंबरचं बक्षीस १८ लाख ६० हजार डॉलर होतं. खरा फटका डर्बी जिथे होते त्या चर्चिल डाउन्सच्या मैदानवाल्यांनी दिला, त्यांनी स्वतःच्या अधिकारात त्याला २०२४ च्या जुलैपर्यंत बाहेर ठेवलं. घोडा बिचारा निकाल यायच्या आधीच गेला, ६ डिसेंबर २०२१ ला कॅलिफोर्नियातल्या सांता अनिटा रेसकोर्सवर सकाळच्या सरावात कोसळला, पोस्टमॉर्टममध्ये पक्कं कारण मिळालं नाही. लहानपणी फक्त हजार डॉलरला विकला गेलेला घोडा होता तो.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): आम्ही उन्हाळ्यात मुलांना घेऊन मॉनमथ पार्क रेसकोर्सला जायचो, तिथे होर्हे नवारो या ट्रेनरचे घोडे सारखे जिंकायचे, लोक उघड म्हणायचे की हा काहीतरी देतो. मग दर रेसनंतर टेस्ट होत असताना इतकी वर्षं त्याचं सगळं बिनबोभाट कसं चाललं?

उत्तर: ताई, तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून याला जागा जास्त देतोय. लॅब जे शोधते तेच तिला सापडतं. ज्या औषधाचं नाव-गाव माहीत आहे, ज्याचा नमुना लॅबकडे ठेवलेला आहे, ते पिकोग्रॅममध्ये सुद्धा पकडतात. पण कोणी नवीनच काही बनवलं, किंवा माहीत असलेल्या रेणूत थोडा फेरफार केला, तर मशीनला कळणार कसं काय शोधायचं ते? दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारी ईपीओसारखी औषधं काही दिवसांत अंगातून निघून जातात, वाढलेल्या पेशी मात्र कित्येक आठवडे राहतात, त्यामुळे रेसच्या दिवशी लघवी स्वच्छ आणि घोडा मात्र दमतच नाही.

सेथ फिशमन नावाच्या व्हेटचा, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरचा, धंदाच हा होता, टेस्टमध्ये येणार नाही अशी औषधं बनवून ट्रेनर लोकांना विकायची. अमेरिकेत रेसच्या घोड्यांची नोंद ठेवणाऱ्या द जॉकी क्लबने एक खासगी तपास कंपनी नेमली, तिथून माहिती एफबीआयकडे गेली, मग फोन टॅप झाले, आणि ९ मार्च २०२० ला न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी दोन डझनाहून जास्त लोकांवर आरोपपत्र टाकलं. त्यात तुमचा नवारो होता आणि जेसन सर्व्हिस हा ट्रेनरही होता, ज्याचा मॅक्सिमम सिक्युरिटी हा घोडा जेमतेम दहा दिवसांपूर्वी सौदी कपची २ कोटी डॉलरची रेस जिंकून आलेला (सौदीवाल्यांनी बक्षीस अडकवून ठेवलं ते वेगळंच). हाच घोडा २०१९ च्या डर्बीत पहिला येऊन दुसऱ्यांना आडवा गेला म्हणून मागे टाकला होता, त्या दिवशी लोक सर्व्हिसबद्दल हळहळत होते बघा.

फोनवर काय बोलायचे तर एसजीएफ-१००० नावाचं इंजेक्शन, ते कोणाला दिलं, टेस्टवाले अचानक आले तर काय, आणि अमेरिकेत याची टेस्टच नाही म्हणून एकमेकांना धीर देणं. नवारोला "ज्यूस मॅन" म्हणायचे (ज्यूस म्हणजे चोरून दिलेलं औषध) आणि त्याला ते इतकं आवडायचं की पायातल्या क्रॉक्सवर ते नाव होतं. २०१७ मध्ये तुमच्या मॉनमथवरच त्याचा आणि एका मालकाचा मजेत बोलतानाचा व्हिडिओ निघाला होता, त्यात ज्यूसचाच विषय, तेव्हा दंड झाला आणि विषय संपला. म्हणजे माहीत कोणाला नव्हतं? सगळ्यांना होतं.

नवारोचा एक्स वाय जेट हा घोडा २०१९ ला दुबईची गोल्डन शाहीन ही रेस जिंकला आणि २०२० च्या जानेवारीत मेला, हार्ट अटॅक म्हणून सांगितलं गेलं. त्याला दिलेल्या औषधांचा हिशोब नंतर आरोपपत्रात आला. नवारोने गुन्हा कबूल केला, डिसेंबर २०२१ मध्ये ५ वर्षं कैद आणि अडीच कोटी डॉलरच्या वर भरपाई. फिशमन खटला लढला आणि ११ वर्षं घेऊन बसला, सर्व्हिसला २०२३ मध्ये ४ वर्षं.

गंमत अशी की घोड्याला डोप करणं हा तेव्हा फेडरल गुन्हाच नव्हता. खटला उभा राहिला तो औषधांच्या कायद्याखाली, भेसळीचं आणि चुकीच्या लेबलचं औषध राज्याबाहेर पाठवण्याचा कट म्हणून. प्रत्येक राज्याचं रेसिंग कमिशन वेगळं, नियम वेगळे, एकीकडे चालणारं औषध शेजारच्या राज्यात बंद. या प्रकरणाचा धक्का बसला म्हणून डिसेंबर २०२० मध्ये देशभरासाठी एक कायदा पास झाला, आणि त्याखालची डोपिंगविरोधी यंत्रणा मे २०२३ मध्ये सुरू झाली, आता पागेत कधीही येऊन रक्त घेतात. इंग्लंडमध्ये हे आधीपासून होतं, म्हणून तर २०१३ च्या एप्रिलमध्ये दुबईच्या शेख मोहम्मदच्या गोडॉल्फिन पागेत अचानक जाऊन नमुने घेतले आणि ११ घोड्यांत स्टेरॉइड निघाल्यावर त्याच महिन्यात ट्रेनर महमूद अल झरूनीला ८ वर्षं घरी बसवलं. त्या घोड्यांपैकी कोणी त्या दिवशी पळणार पण नव्हतं. माझ्या मते अर्धी लढाई हीच आहे, रेस संपल्यावर बाटली धरून उभं राहण्यात काही अर्थ नाही, आणि उरलेली अर्धी पोलिसांची.

प्रश्न (बारामती): घोड्याने गवतात धोतरा खाल्ला तर तो पण डोपिंगमध्ये धरतात का? आमच्याकडे बांधाला भरपूर येतो.

उत्तर: धरतात आणि त्यावरच एक मोठं प्रकरण आहे. २०१८ च्या एप्रिलमध्ये सांता अनिटा डर्बी जिंकलेल्या जस्टिफाय या घोड्याच्या नमुन्यात स्कोपोलामाइन निघालं, ते धोतऱ्याच्याच जातीतल्या जिमसन वीडमध्ये असतं. ट्रेनर परत बॅफर्टच. चाऱ्यातून गेलं असेल असं म्हणत कॅलिफोर्नियाच्या रेसिंग बोर्डाने बंद दाराआड ऑगस्टमध्ये फाईल मिटवली, तोवर जस्टिफाय तिन्ही मोठ्या रेस म्हणजे ट्रिपल क्राउन जिंकून मोकळा. लोकांना कळलं ते सप्टेंबर २०१९ ला न्यूयॉर्क टाइम्समधून. चाऱ्यातून जाणं शक्य आहे, मी नाही म्हणत नाही, पण मग उघड सांगायला काय झालं होतं? पुढे दुसऱ्या नंबरच्या घोड्याचा मालक कोर्टात गेलाच. तुमच्याकडे घोडं असेल तर बांधावरचा धोतरा उपटून टाका, रेस राहू द्या, पोट धरून मरेल.

प्रश्न (ठाणे): घोड्याला खायचा सोडा पाजतात हे खरं?

उत्तर: खरं आहे, त्याला मिल्कशेक म्हणतात. सोडा, साखर, क्षार पाण्यात कालवून रेसच्या काही तास आधी नाकातून नळी घालून थेट पोटात सोडतात. जोरात पळताना स्नायूत आम्ल साठतं आणि घोडा दमतो, सोड्याने ते आम्ल मारलं जाईल असा हिशोब. यावर टेस्ट सोपी आहे, रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड मोजायचा, बऱ्याच ठिकाणी लिटरला ३७ मिलिमोलच्या वर गेला की पकडला. नळी चुकून फुप्फुसात गेली तर मात्र सोडा तिथे उतरतो आणि घोडा हातचा जातो.

प्रश्न (महालक्ष्मी, मुंबई): आपल्याकडे काय कायदा आहे?

उत्तर: आपल्याकडे टर्फ क्लबांचे नियम हाच कायदा. मुंबई-पुण्याला रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब, तिकडे कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद अशा प्रत्येकाचे आपले स्टुअर्ड (रेसचे पंच), लायसन्स तेच देणार, नमुने तेच घेणार, शिक्षाही तेच करणार. एका क्लबने काढलेल्या माणसाला दुसरे क्लब पण घेत नाहीत, एवढं बरं. सरकारी कायदा म्हणाल तर प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा १९६० चा आहे, त्याच्या कलम ११ मध्ये प्राण्याला मुद्दाम घातक औषध देणं गुन्हा आहे, आणि पहिल्या वेळी दंड किती तर १० ते ५० रुपये. पन्नास रुपयांत हल्ली रेसकोर्सबाहेर गाडी पण लावून देत नाहीत कोणी.

प्रश्न (नागपूर): बंदी झालेले ट्रेनर परत येतात का?

उत्तर: येतात की. रिक डट्रोला न्यूयॉर्कने १० वर्षांसाठी काढलं होतं, २०१३ पासून ती बंदी पूर्ण भोगून २०२३ ला परतला आणि त्याच वर्षी व्हाइट अबॅरिओ हा घोडा घेऊन ब्रीडर्स कप क्लासिक ही अमेरिकेतली मोठी रेस जिंकला.

प्रश्न (कोथरूडचेच वाचक, ताजा कलम): समजा त्या डर्बीला मी दुसऱ्या आलेल्या मँडलूनवर लावले असते, नंतर तोच विजेता ठरला, मग मला पैसे मिळाले असते का?

उत्तर: विनर म्हणून लावले असते तर नाही. टोटचे, म्हणजे सगळ्यांनी लावलेल्या रकमेतून वाटायचे, पैसे त्या दिवशीच्या निकालावर वाटून मोकळे होतात, मेदिना स्पिरिटवाल्यांचे त्यांच्याकडेच राहिले, फेब्रुवारी २०२२ मध्ये निकाल बदलला तेव्हा बक्षीस मँडलूनच्या मालकाकडे गेलं. मँडलूनवर २६ ला १ चा भाव होता, त्यामुळे काही जण कोर्टात पण गेले. तिकीट जपून ठेवलं असेल तर ठेवा, पण खिडकीवर जाऊन काही उपयोग नाही.