२०१३ ची डिझेल स्विफ्ट ३.१० लाखांना घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा : वाचक कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत नोकरीला आहेत. हातात पगार ४२,००० येतो, घरखर्च २८,०००. बचत ३.४० लाख, त्यातली २ लाखांची एफडी. आईवडील गारगोटीला, महिन्यातून दोनदा जाणं-येणं. गावातलं धरून महिन्याचं रनिंग सुमारे ३०० किलोमीटर. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या फर्स्ट ओनरची ऑगस्ट २०१३ पासिंगची डिझेल स्विफ्ट ३.१० लाखांना ठरतेय. १.५० लाख रोख आणि १.६० लाखांचं १५ टक्क्यांनी कर्ज, असा विचार आहे. मालक म्हणतोय, "एक रुपयाचं काम नाही," आणि रविवारपर्यंत टोकन मागतोय.

माझं उत्तर : ही गाडी या भावात घेऊ नका.

डिझेलपासून सुरुवात करतो, कारण मोह तिथूनच येतो. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपयांच्या आसपास धरलं, तर ३०० किलोमीटरला डिझेल गाडी महिन्याला साधारण साडेपाचशे रुपये वाचवते, म्हणजे वर्षाला सहा-सात हजार. त्या १२४८ सीसी इंजिनाची ख्याती चांगली आहे, पण वय झालं की इंजेक्टर (डिझेल फवारणारा भाग), टर्बो, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) आणि टायमिंग चेनची खडखड यातलं काही ना काही मागे लागतं. इंजेक्टरचं एक मोठं काम निघालं की काही वर्षांची डिझेलची बचत त्यात जाते. रोज शंभर किलोमीटर फिरणाऱ्याला हे गणित परवडतं. तुम्हाला नाही.

आता 'एक रुपयाचं काम नाही' याचा हिशोब. या वयाच्या गाडीला पहिल्या वर्षात मी हे धरतोच : चार टायर १८ ते २० हजार, क्लच १२ ते १५, लोअर आर्म-बुश-लिंक रॉड मिळून ८ ते १०, बॅटरी ५-६, ऑइल-कूलंट-फिल्टर-बेल्ट ६-७. टायर नवे निघाले तर आनंदच. पण सगळं मिळून पन्नास-साठ हजार बाजूला नसतील, तर ३.१० हा आकडा खोटा आहे. शिवाय थर्ड पार्टी विम्याचे ३,४१६ अधिक जीएसटी. मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची विम्यातली सवलत, तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याकडेच राहतो. नव्या सुरक्षा नंबरप्लेट नसतील तर ७४५ अधिक जीएसटी. किरकोळ आहे, पण ते मालकानेच करून द्यावं.

भाव करताना लोक एक तारीख विसरतात. या गाडीचं पासिंग ऑगस्ट २०२८ ला संपतं. पुढच्या ५ वर्षांसाठी आरटीओत फिटनेस दाखवावा लागेल, नूतनीकरणाचं शुल्क ५,००० आणि वर पर्यावरण कर. रक्कम फार नाही; पण फिटनेससाठी निघेल ते काम तुमच्या खिशातून आणि पुढे विकताना भाव पडलेला.

आणि शाहूपुरी. मालक खरा माणूस असेल, तरीही २०१९ आणि २०२१ चा पूर गाडीने कुठे काढला हे विचारायलाच हवं. जयंती नाल्याचं पाणी त्या भागात कुठवर येतं हे कोल्हापूरकराला सांगायला नको. सीटबेल्ट पूर्ण ओढून शेवटच्या टोकाला मातीचा डाग बघा, सीटच्या रुळांचा गंज बघा, मॅटखाली हात घाला. विम्याचे जुने क्लेम मागा. पाण्यात उभी राहिलेली गाडी वायरिंगच्या तक्रारी वर्षानुवर्षं देत राहते आणि त्या कुठल्याच मेस्त्रीला एका फेरीत सापडत नाहीत.

कर्जाचं बोलू. १.६० लाख, १५ टक्के, तीन वर्षं : हप्ता सुमारे ५,५५० आणि व्याज जवळजवळ ४० हजार. कर्ज लागलंच तर बँकेत एफडीवर घ्या, बहुधा एफडीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्के जास्त पडतं. पण ती एफडी म्हणजेच तुमचा अडीअडचणीचा पैसा, तेव्हा तीही फार अडकवू नका. माझी मर्यादा : रोख १.४० आणि एफडीवर जास्तीत जास्त ८० हजार. एकूण २.२० लाख, त्यातले ४० हजार कामासाठी राखून गाडी १.८० च्या आत. जुनी पेट्रोल वॅगन आर किंवा तशीच ९९८ सीसीची गाडी बघा. थर्ड पार्टीही २,०९४ वर येतो आणि खर्चाची कामं कमी निघतात. नाहीच मिळाली तर सहा महिने थांबा. महिन्याला १४ हजार उरतात, म्हणजे ८४ हजार जमतील आणि कर्जच लागणार नाही. तोवर वडिलांना दवाखान्यात न्यायची वेळ आलीच तर गारगोटीहून भाड्याची गाडी करा, ती हप्त्यापेक्षा स्वस्त पडेल.

तरीही मन याच स्विफ्टवर असेल, तर थंड इंजिन तुमच्यासमोर चालू करायला सांगा. आधी गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जा. उद्यमनगरातल्या तुमच्या ओळखीच्या मेस्त्रीकडून, मालकाच्या नव्हे, गाडी लिफ्टवर घेऊन खालून तपासा आणि स्कॅनर लावा. आरसीवर बोजा, म्हणजे जुन्या कर्जाची नोंद, आहे का ते बघा. असला तर कर्ज देणाऱ्या बँकेची किंवा कंपनीची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा ३५ नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय टोकनही देऊ नका, मग रविवार गेला तरी चालेल.